आधी फलटण, मग न्यूयॉर्क

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथनिवड समित्यांना खुले पत्र

समितीच्या सभासदहो,



तालुक्याच्या गावी तीस वर्षे भूगोल शिकवून मी निवृत्त झालो. गेली नऊ वर्षे आमच्या वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर आहे. अनुदानाचा हप्ता आला की तुम्ही जे करता तेच आम्हीही करतो. विक्रेत्यांच्या याद्या चाळतो, सभासदांच्या मागण्यांची वही उघडतो, मार्चअखेरच्या आत बिले लावायची घाई करतो. कादंबऱ्या, चरित्रे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांची निवड चटकन होते. घोडे अडते ते एका विषयापाशी. गावाचे शहर कसे होते, त्याचा आराखडा कोण ठरवतो, जमिनीचा भाव कशाने चढतो, यावरचे अभ्यासग्रंथ कोणते घ्यावेत हे आपल्याला कळत नाही आणि म्हणून बहुतेक ठिकाणी ते घेतलेच जात नाहीत. हे पत्र त्या रिकाम्या फळीसाठी आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. सभागृहाच्या भिंतीवर नकाशा लागला. पिवळा रंग राहत्या वस्तीचा, हिरवा शेतीचा, मधूनमधून आरक्षणांचे आकडे आणि प्रस्तावित रस्त्यांच्या दुहेरी रेघा. गट नंबर इतके बारीक की लोक मोबाइलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा करून पाहत होते. माझा एक जुना विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेला, गावाच्या कडेला सव्वा एकर बागायत करतो. त्याने नकाशावर बोट ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, हा अठरा मीटरचा रस्ता माझ्या विहिरीवरनं जातोय." हरकतीला मोजके दिवस होते. संध्याकाळी तो वाचनालयात आला. "याच्यावर एखादं पुस्तक असेल ना आपल्याकडं? रस्ता कोण ठरवतं, कशावरनं ठरवतं, एवढं कळलं तरी हरकत लिहिता येईल."

कपाटात तीन पुस्तके निघाली. एक घराच्या दिशांचे, वास्तुशास्त्राचे. दुसरे परीक्षेचे. तिसरे जेन जेकब्ज यांचे १९६१ सालचे ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’. हे तिसरे मीच आग्रहाने घ्यायला लावले होते, दोनदा वाचलेही होते. त्या संध्याकाळी त्यातले एकही पान त्याच्या विहिरीच्या कामी येईना. हरकत आम्ही दोघांनी सुचेल तशी लिहिली. सुनावणीला तीन मिनिटे मिळाली. रेघ होती तिथेच राहिली.

जेकब्ज यांचे पुस्तक थोर आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या या बाईंकडे नगररचनेची पदवी नव्हती. दुकानदार, शेजारी, येणारे-जाणारे यांचे लक्ष असते म्हणून रस्ता सुरक्षित राहतो, हे त्यांनी स्वतःच्या दारातून पाहून लिहिले आणि रॉबर्ट मोझेस यांच्यासारख्या बलाढ्य अधिकाऱ्याने आखलेल्या महामार्गाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. पण प्रस्तावनेतच त्यांनी बजावून ठेवले आहे की ही निरीक्षणे मोठ्या शहरांची आहेत, लहान गावांना आणि उपनगरांना ती लावू नयेत. मी ती ओळ वाचून पुढे गेलो होतो. आमच्या गावची वस्ती चाळीस हजारांच्या आत आहे.

मग काय घ्यायला हवे होते? याचे उत्तर मला पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात सापडले, तेही दुसरेच काही शोधताना. इरावती कर्वे आणि जे. एस. रणदिवे यांचा १९६५ सालचा ग्रंथ, डेक्कन कॉलेजने काढलेला: ‘द सोशल डायनॅमिक्स ऑफ अ ग्रोइंग टाउन अँड इट्स सराउंडिंग एरिया’. वाढते गाव आणि त्याचा भोवताल. ते वाढते गाव म्हणजे फलटण.

मी तिथेच टेबलाशी बसून राहिलो. ‘युगान्त’ आपल्या प्रत्येक वाचनालयात आहे, काही ठिकाणी चार-चार प्रती आहेत. त्याच इरावतीबाईंनी आपल्यासारख्याच एका तालुक्याच्या गावाचा अभ्यास केला होता, गाव आणि त्याच्या आसपासची खेडी एकमेकांना कशी बांधलेली असतात ते शोधत होत्या, आणि भूगोल शिकवणाऱ्या मला ते साठीनंतर कळावे! त्यांनी हेमलता आचार्य यांच्यासह आठवड्याच्या बाजारांवरही एक पुस्तक केले, ते १९७० साली आले. आमच्या आराखड्यात बाजारतळाच्या जागी व्यापारी संकुलाचे आरक्षण आहे. दर सोमवारी तिथे किती खेड्यांतून किती माणसे कशाकशासाठी येतात, कोण कुठल्या रस्त्याने येतो, हे मोजून हरकतीत लिहावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. कारण गावाकडे असे पाहता येते हे दाखवणारे पुस्तक आमच्यासमोर कधी आलेच नव्हते.

फलटण एकटे नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले इन्स्टिट्यूटमधून पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली निघाला. पुढे सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी तेच शहर पुन्हा मोजले, ते पुस्तक १९५६चे. सोवनींनीच कोल्हापूर शहराची पाहणी १९४८पासून खंडांनी प्रसिद्ध केली. गो. स. घुर्ये यांचे लोणीकंदवरचे पुस्तक १९६०चे. टॉमस कोट्स या डॉक्टरने १८१९ साली लोणी या गावाचे वर्णन लिहून ठेवले होते. सव्वाशे वर्षांनंतरचे तेच गाव घुर्यांनी पाहिले. आज पुणे-नगर रस्त्याने जाणाऱ्याला लोणीकंदपाशी काय दिसते ते मी सांगायला नको. गोदामे, प्लॉटिंगचे फलक, अर्धवट इमारती. दोनशे वर्षांत एका गावाचे काय होत गेले याची पहिली दोन टिपणे तयार आहेत आणि तिसरे करायला माणूस हवा आहे. तो माणूस आपल्याच एखाद्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसलेला असेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की या फळीवर पहिला मान आपल्या मापाच्या पुस्तकाला द्या. ज्या लेखकाने आपल्यासारख्या गावात पायी फिरून, घरे मोजून, माणसांशी बोलून लिहिले आहे त्याचे पुस्तक आधी आणि जगप्रसिद्ध सिद्धांताचे नंतर. जगातल्या पुस्तकांना दार बंद करा असे मी म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीमुळे रात्री मुलींना रस्ता सुरक्षित वाटतो, हे जेकब्ज वाचल्यावरच मला नीट दिसले. पण फलटण वाचून न्यूयॉर्ककडे गेलेला वाचक तुलना करतो. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली आणि आपल्या गावाला न्यूयॉर्कचे माप लावत बसलो.

पॅट्रिक गेडिस यांच्याविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवे. हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ १९१४ साली हिंदुस्थानात आले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. त्यांचे ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हे १९१५चे पुस्तक नगररचनेच्या अभ्यासक्रमांत नेमलेले असते आणि निवड करणारा साहजिकच तेच उचलतो. तुम्ही ते उचलू नका. त्याऐवजी त्यांचे हिंदुस्थानातल्या गावांवरचे अहवाल शोधा. १९१५ सालच्या मुंबई इलाख्यातल्या सहा गावांच्या अहवालात ठाणे आहे, वांद्रे आहे. १९६५ साली महाराष्ट्र शासनानेच तो पुन्हा छापला होता. जॅकलिन टिरव्हिट यांनी अशा अहवालांतून निवडून केलेले ‘पॅट्रिक गेडिस इन इंडिया’ हे पुस्तक १९४७चे आहे आणि लहान वाचनालयाला तेच सोयीचे पडेल.

या अहवालांत गेडिस गल्ल्यांतून चालतात. कुठली विहीर वापरात आहे, कुठल्या झाडाखाली पार आहे, कुठले घर पडके आहे, हे नकाशावर टिपतात. मग जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढू पाहणाऱ्या अभियंत्याला दाखवून देतात की पडकी घरे तेवढी काढली आणि मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या तर हवा-उजेडही मिळतो, खर्चही कमी होतो आणि राहती कुटुंबे उठत नाहीत. रस्त्याची रेघ विहिरीच्या बाजूने वळवता येते, असे छापील पानावर लिहिलेले मी पहिल्यांदा तिथे वाचले. आमच्या त्या तीन मिनिटांत हे एक पान हातात असते तर!

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी केलेले काम तर मराठी माणसाने वाचलेच पाहिजे. प्लेगने शहर धास्तावलेले होते. १९१७ सालच्या दिवाळीला गेडिस यांनी एक मिरवणूक काढली. जो भाग सर्वात स्वच्छ असेल तिथून मिरवणूक जाईल असे आधीच जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगवली, दारचा कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला. मिरवणुकीत राक्षसाचे आणि प्रचंड उंदराचे सोंग होते आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, झाडूला हार घालून, मानाने चालत होते. इंदूरचा त्यांचा अहवाल पुढच्याच वर्षी दोन खंडांत निघाला. नगररचना म्हणजे नकाशा आणि नियम एवढेच ज्याला वाटते त्याने ही पाने वाचावीत. गेडिस यांना बोलावणारे संस्थानिक आणि सरकारी अधिकारी होते, त्यामुळे हरकत घेणाऱ्या साध्या नागरिकाच्या बाजूने आराखडा कसा दिसतो हे त्यांच्याकडून पूर्ण कळत नाही, हेही खरे.

ते कळते मुंबईवरच्या अलीकडच्या अभ्यासांतून. त्यांतले एकच घ्यायचे झाले तर मी निखिल राव यांचे ‘हाउस, बट नो गार्डन’ घेईन. २०१३चे आहे. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली सरकारने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याकडची शेतजमीन घेऊन तिचे प्लॉट पाडले आणि पुढे तिथे फ्लॅटची वस्ती उभी राहिली. जमीन कशी संपादन झाली, शेताचा प्लॉट कसा झाला, चाळीत सर्वांचा मिळून असलेला संडास फ्लॅटच्या आत आला तेव्हा लोकांना काय काय वाटले, हे सगळे त्यात येते. मुंबईत कधी न गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यालाही हे पुस्तक आपले वाटेल, कारण आमच्या गावच्या कडेला आज जे चालले आहे ते दादरला शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले.

पाण्यावरचीही दोन पुस्तके आहेत, लिसा ब्योर्कमन यांचे ‘पाइप पॉलिटिक्स’ आणि निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’. पहिले २०१५चे, दुसरे २०१७चे, दोन्ही मुंबईचीच. दोन्हींचे पैसे नसतील तर एक घ्या, कोणतेही चालेल. नकाशावरची नळवाहिनी आणि जमिनीखालची नळवाहिनी यांत किती अंतर असते आणि कुणाच्या नळाला किती वेळ पाणी येईल ते चावी फिरवणाऱ्यापासून नगरसेवकापर्यंत किती जणांच्या हातात असते, हे त्यांतून कळते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

गिरण्यांच्या जमिनींवर वाचायचे असेल तर डॅरिल डिमॉन्टे यांचे २००२ सालचे ‘रिपिंग द फॅब्रिक’ आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून ऐकून लिहिलेले २००४ सालचे पुस्तक. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकासाला काढताना तिचे साधारण तीन वाटे व्हायचे होते. एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाचा. २००१ साली नियमात बदल झाला आणि हे वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे व्हायचे ठरले. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. लोअर परळचे आजचे रूप त्या शब्दांच्या फरकातून आले आहे. शहराच्या बदलावर लिहिताना जे पुस्तक नियमावलीपर्यंत जात नाही, नुसतेच उंच इमारती आणि हरवलेल्या चाळी यांबद्दल हळहळते, ते कितीही सुंदर लिहिलेले असो, या फळीवर त्याला दुसरा क्रमांक द्यावा असे माझे मत आहे.

आता काय घेऊ नये तेही स्पष्टच लिहितो. सरकारी मोहिमेच्या नावावर निघालेली पुस्तके घेऊ नका. २००५ साली नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान आले, तेव्हा त्याच्या नावाची पुस्तके निघाली. २०१५ साली स्मार्ट सिटी आली, तेव्हा तिच्या नावाची निघाली. मोहीम संपली की पुस्तक रद्दीत जाते. दुसरे म्हणजे, पुस्तक हातात आले की मलपृष्ठावरची स्तुती वाचू नका, शेवटची विषयसूची उघडा. तिथे भूसंपादन, भाडेकरू, पाणीपट्टी, मालमत्ता कर, जात असे शब्द आहेत का पाहा. मग लेखकाने कुठे, किती काळ राहून पाहणी केली ते प्रस्तावनेत शोधा. नकाशे असतील तर त्यांवर प्रमाण आणि साल आहे का ते बघा. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. विक्रेत्याच्या यादीवर नुसती खूण करून आपण जे पैसे घालवतो त्यापुढे ती फार नाहीत.

महागाईची अडचण खरी आहे. परदेशी विद्यापीठाच्या एका पुस्तकाच्या किमतीत मुलांच्या विभागाची वर्षाची खरेदी होते. त्यावर तालुक्यातल्या चार वाचनालयांनी एकेक पुस्तक घेऊन फिरते ठेवण्याचा उपाय आम्ही या वर्षी सुरू केला आहे. इंग्रजीची अडचण त्याहून मोठी आहे. आमच्याकडे दोन निवृत्त शिक्षक आणि बारावीनंतर स्थापत्याचा डिप्लोमा करणारी एक मुलगी मिळून एकेका प्रकरणाचा मराठी गोषवारा हाताने लिहितात. चार पानांच्या वर नाही. ती पाने पुस्तकातच ठेवलेली असतात. आमच्या वाचकांनी मूळ पुस्तकापेक्षा ती पानेच जास्त हाताळली आहेत आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

यापुढचे काम एकेकट्या वाचनालयाचे नाही, म्हणून तुम्हा सर्वांना विनंती. गेडिस १९३२ साली वारले. त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क आपल्याकडे केव्हाच संपला आहे. ठाणे-वांद्र्याचे अहवाल आणि इंदूरचा अहवाल मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही. अनुवादकाचे मानधन आणि छपाईचा खर्च लागतो, तो राज्याच्या मराठी भाषेच्या संस्थांना जड नाही. तुमच्या वार्षिक सभेत तसा ठराव करून पाठवा. कर्वे-रणदिवे यांच्या फलटणवरच्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण आणि अनुवाद व्हावा अशी मागणीही त्याच ठरावात घाला. शंभर वाचनालयांचे ठराव गेले तर प्रकाशकाला शंभर प्रतींचा ग्राहक आधीच दिसेल.

एक गोष्ट तर याच महिन्यात करता येईल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याची मराठी प्रत आणि आपल्या गावच्या मंजूर किंवा प्रारूप विकास आराखड्याची नकाशासह प्रत वाचनालयात आणून ठेवा. त्याच टेबलावर भिंग ठेवा. आराखड्याआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करावा लागतो, तोही मागून घ्या. बहुतेक हरकती या दोन नकाशांची तुलना केली तरच नीट लिहिता येतात. आरक्षणाखालची जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालकाला नोटीस देऊन ती सोडवून मागता येते, हे याच अधिनियमाच्या कलम १२७मध्ये आहे. माझ्या विद्यार्थ्याला हे कळले तेव्हा सुनावणी होऊन गेली होती.

त्याची विहीर अजून आहे. रस्त्याचे काम सुरू झालेले नाही. तो आता दर रविवारी वाचनालयात येतो आणि दादरवरच्या गोषवाऱ्याची दुसऱ्या प्रकरणाची पाने वाचतो आहे.

फलटणवरचा तो ग्रंथ तुमच्यापैकी कुणाच्या वाचनालयात असेल तर कृपया कळवावे. आम्हाला तो एक महिन्यासाठी हवा आहे. पोस्टेज आम्ही भरू आणि पुस्तक परत येताना त्यात मराठी गोषवाऱ्याची पाने असतील.

आपला,
एका तालुका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीचा सभासद